सागरी दंतचक्रपेटीतील वंगणाचे समुद्रजलदूषण

नौकेचे एंजिन व तिचा पंखा यांच्यामध्ये बसविलेल्या दंतचक्रपेटीतील (गिअरबॉक्समधील) वंगण तेलात समुद्राचे पाणी मिसळून ते तेल निकामी होणे, या प्रकारास ही संज्ञा लावतात. कोणतेही पाणी वंगणास अपायकारकच असते; तथापि समुद्रजलाचा अपाय निराळ्या जातीचा व अधिक चिवट असतो. तेल तापवून पाणी उडवून देता येते, पण पाण्याबरोबर आलेले मीठ उडून जात नाही. वसईच्या मिठागरात उन्हाने पाणी आटून मीठ मागे राहते, तीच क्रिया तापलेल्या गिअरबॉक्समध्ये घडते. म्हणून गोड्या पाण्याने दूषित झालेल्या तेलावरील उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. प्रस्तुत नोंदीत या दूषणाची कारणे, परिणाम, परीक्षा व उपाय यांचे विवेचन मुख्यतः वसई–विरार किनाऱ्यावरील यांत्रिक मच्छीमार नौका व तरी यांच्या संदर्भात केले आहे.

पार्श्वभूमी : वसईचा किनारा उत्तरेस वैतरणा नदीचे मुख आणि दक्षिणेस वसईची खाडी यांच्या दरम्यान पसरलेला आहे. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर व नायगाव ही येथील मच्छीमारीची प्रमुख ठिकाणे होत. पोर्तुगीज अंमलात (१५३४–१७३९) वसई जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होती. शिडाच्या होड्यांवर एंजिने बसविण्यास महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खरी चालना स्वातंत्र्योत्तर काळात, पंचवार्षिक योजना सुरू झाल्यानंतर मिळाली. आज येथील मोठ्या नौका डीझेल एंजिनावर चालतात आणि मोठ्या एंजिनांबरोबर द्रवीय दाबावर चालणाऱ्या क्लचचा गिअरबॉक्स असतो. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर राहणाऱ्या लोकांचे रोजचे येणेजाणे बोटीनेच होते. वसई–भाईंदर (२०२४) आणि विरारनजीकच्या मारंबळपाडा–जलसार (२०२५) या मार्गांवर वाहने वाहून नेणाऱ्या रो-रो नौकाही सुरू झाल्या. त्यामुळे नौकेच्या गिअरबॉक्सची विश्वासार्हता हा मासेमारीच्या उत्पन्नाइतकाच प्रवाशांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

या किनाऱ्याच्या काही वैशिष्ट्यांमुळे दूषणाचा धोका वाढतो. मोठ्या उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक सु. ५ मी. पर्यंत जातो. ओहोटीत खाड्यांमधील नौका चिखलावर टेकतात व बऱ्याचदा एका कुशीवर कलतात. पाण्यात गाळाचे बारीक कण पुष्कळ असतात. बोंबील पकडण्यासाठी वापरण्यात येणारे डोळ जाळे समुद्रात खांबांना वा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी लावलेले असते. ते लावताना व उचलताना नौका जाळ्याजवळ नेमकी ठेवण्यासाठी पुढची व मागची गती पुनःपुन्हा बदलावी लागते. प्रत्येक बदलाच्या वेळी क्लचवर ताण येतो, आणि तेथेच दूषित तेलाचा दोष प्रथम जाणवतो.

गिअरबॉक्सची रचना व वंगणक्रिया : डीझेल एंजिन मिनिटाला सु. १,५०० ते २,००० फेरे या गतीने चांगले काम करते, तर नौकेचा पंखा बराच सावकाश फिरला तरच पाण्याला परिणामकारक रेटा देतो. गिअरबॉक्समधील दंतचक्रे ही गती कमी करतात, उदा., १,८०० फेरे व ३ : १ हे गुणोत्तर असल्यास पंखा मिनिटाला ६०० फेरे करतो. फिरण्याची दिशा उलट करणे, पंखा एंजिनापासून सोडविणे आणि पंख्याचा रेटा धारव्यांमार्फत नौकेच्या सांगाड्यावर देणे ही कामेही हीच पेटी करते. मोठ्या जहाजांत चार्ल्स पार्सन्स यांनी १९१० च्या सुमारास ‘व्हेस्पेशियन’ या मालवाहू जहाजावर टरबाइनाला दंतचक्रांची जोड देऊन ही पद्धत यशस्वी करून दाखविली.

द्रवीय क्लचाच्या गिअरबॉक्समध्ये एकच तेल चार कामे करते : दातांना व धारव्यांना वंगण पुरविणे, क्लचच्या तबकड्या दाबून धरण्यासाठी दाब देणे, घर्षणाने उत्पन्न झालेली उष्णता वाहून नेणे आणि धातूचे पृष्ठभाग गंजापासून झाकणे. पेटीच्या तळातून तेल गाळणीमार्फत पंपाकडे जाते. क्लचला सामान्यतः सु. १५ ते २५ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब लागतो. दाब-नियंत्रक झडपेतून बाहेर पडलेले, कमी दाबाचे तेल शीतकातून थंड होऊन दंतचक्रांवर व धारव्यांवर सोडले जाते. शीतकातील नळ्यांच्या एका बाजूस तेल व दुसऱ्या बाजूस समुद्राचे पाणी वाहते. दोन्हींमध्ये असते ती एक-दीड मिमी. जाडीची धातूची भिंत. लहान नौकांच्या हाताने दांडा टाकून चालविण्याच्या गिअरबॉक्समध्ये पंप व शीतक बहुधा नसतात. तेथे दंतचक्रांनी उडविलेल्या तेलावर वंगणक्रिया भागते.

पाणी शिरण्याचे मार्ग : (१) शीतक : हा सर्वांत महत्त्वाचा मार्ग होय. गाळमिश्रित पाण्याच्या वेगामुळे नळ्यांच्या तोंडाशी धातू झिजतो. तांबे–निकेल मिश्रधातूच्या नळ्यांवर स्वच्छ समुद्रजलात एक संरक्षक थर तयार होतो. परंतु सांडपाण्याने दूषित झालेल्या खाडीच्या पाण्यातील सल्फाइडांमुळे हा थर नीट बसत नाही व नळीस बारीक छिद्रे पडतात. संरक्षणासाठी बसविलेले जस्ताचे तुकडे झिजून गेले व बदलले नाहीत, तर नळ्यांचे व आवरणाचे क्षरण वेगाने होते.

छिद्र पडल्यावर पाणी लगेच तेलात शिरतेच असे नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एंजिन चालू असताना शीतकातील तेलाचा दाब बहुधा पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे तेलच पाण्यात जाते, नौकेबाहेर पडणाऱ्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसतो आणि पेटीतील पातळी थोडी उतरते. एंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्यावर येतो. शीतक समुद्राच्या पातळीखाली असेल व समुद्राकडची झडप उघडी असेल, तर आता पाणी हळूहळू तेलात झिरपते. नौका रात्रभर उभी राहिली की सकाळी पातळी वाढलेली आढळते. संध्याकाळी उतरलेली आणि सकाळी चढलेली पातळी ही शीतक फुटल्याची खूण समजावी.

(२) बाहेर जाणाऱ्या दंडावरील ऑइल सील : पंख्याच्या दंडाभोवतीच्या खोक्यातून (स्टर्न ग्लँडमधून) थेंब थेंब पाणी येणे स्वाभाविक असते. ते एंजिनखोलीच्या तळाशी साचते. तळाचे पाणी वेळच्या वेळी काढले नाही, तर फिरणाऱ्या जोडतबकडीने ते उडते व सीलच्या ओठावर आदळते. नौका चिखलावर कलल्यास तेच पाणी एका बाजूस जमून सीलच्या पातळीवर येते. सीलचा रबरी ओठ तेल आत ठेवण्यासाठी असतो; बाहेरून येणारे पाणी अडविण्यासाठी तो बनविलेला नसतो. दंडावर ओठाच्या घर्षणाने खाच पडली असल्यास नवे सीलही टिकत नाही.

(३) श्वसनछिद्र व डिपस्टिक : चालताना पेटी तापते व आतील हवा बाहेर जाते, थांबल्यावर ती थंड होऊन बाहेरची दमट, खारट हवा आत ओढते. या हवेतील बाष्प आतील भिंतींवर थेंबांच्या रूपाने जमते. हे पाणी मुख्यतः गोडे असते, पण थोडे थोडे करून साचते. डिपस्टिकचे झाकण सैल असल्यास एंजिनखोलीत शिरलेली लाट किंवा धुण्याचे पाणी थेट आत जाते.

(४) भरताना होणारे दूषण : उघड्या डब्यात साठविलेले तेल, समुद्राच्या पाण्याने विसळलेले नरसाळे किंवा डेकवर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या झाकणावर साचलेले पाणी यांतूनही पाणी येते. उन्हात तापलेले पिंप रात्री थंड होताना झाकणाच्या आट्यांतून पाणी आत ओढून घेते. म्हणून पिंप आडवे किंवा तिरके, झाकणाखाली ठेवावे.

दूषणाचे परिणाम : समुद्रजलात प्रत्येक किग्रॅ. मागे सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात, त्यांपैकी सु. १९ ग्रॅ. क्लोराइड, सु. ११ ग्रॅ. सोडियम व सु. १·३ ग्रॅ. मॅग्नेशियम असते. पावसाळ्यात खाडीतील पाण्याचा खारटपणा कमी होतो, पण या घटकांची परस्परांतील प्रमाणे बहुतांशी कायम राहतात.

तेलात पाणी तीन अवस्थांत असते. अगदी थोडे पाणी तेलात विरघळते व डोळ्यांना दिसत नाही. त्याहून अधिक झाल्यास सूक्ष्म थेंबांचे पायस तयार होऊन तेल धुरकट व पुढे ताकासारखे पांढरट होते. तेल स्थिर राहिल्यास त्यातील मुक्त पाणी तळाशी बसते, कारण समुद्रजलाची घनता सु. १·०२५ तर तेलाची ०·९ पेक्षा थोडी कमी असते. अनेक गिअरबॉक्समध्ये डीझेल एंजिनाचेच तेल वापरतात. त्यातील मलनिवारक समावेशके पाण्याला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे पायस सहज फुटत नाही व पाणी तळाशी बसत नाही. ‘तळाला पाणी दिसत नाही, तेव्हा तेल चांगले आहे’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

दोन दात एकमेकांवर दाबले जातात तेव्हा त्यांच्यामधील तेलाची श्यानता (दाटपणा) प्रचंड दाबामुळे अनेक पटींनी वाढते व त्यामुळेच तेलाचा पातळ थर धातूस धातू लागू देत नाही. पाण्याच्या अंगी हा गुण जवळजवळ नसतो. पाण्याचा थेंब दातांमध्ये किंवा रोलरखाली सापडला की तेथील थर तुटतो. रोलर धारव्यांवरील १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, तेलातील पाणी दशलक्ष भागांत १०० भाग असताना मिळणारे आयुष्य एक मानल्यास ४०० भागांना ते सु. ०·४४ व १,००० भागांना (म्हणजे ०·१%) सु. ०·२५ इतके उरते. हे आकडे त्या प्रयोगांतील तेल व धारवे यांचे असून प्रत्येक पेटीस तंतोतंत लागू पडणार नाहीत. परंतु डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणीही धारव्याचे आयुष्य मोठ्या प्रमाणात घटवू शकते, हा बोध सर्वत्र खरा आहे.

मिठामुळे यात आणखी भर पडते. क्लोराइड आयन पोलादावरील संरक्षक थर जागोजागी फोडतात व तेथे खोल खळगे पडतात. पोलाद व कासे हे दोन धातू खारट पाण्यात एकमेकांस लागून असले, तर विद्युत् घटमालेसारखी क्रिया होऊन पोलाद अधिक गंजते. नौका उभी असताना रोलर ज्या जागी टेकलेले असतात तेथे त्यांच्यातील अंतराएवढ्या अंतराने काळे-तांबूस पट्टे उमटतात. असा धारवा पुसून स्वच्छ केला तरी त्या पट्ट्यांपासून पुढे भेगा वाढतात व धातूचे तुकडे सुटतात. याशिवाय पाण्यामुळे तेलातील झीजरोधक समावेशकांचे अपघटन होऊन अम्ले बनतात, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या लवणांमुळे चिकट गाळ तयार होतो आणि गाळणी तुंबते. पाणी आटल्यावर उरलेले मिठाचे स्फटिक कुरुंदाप्रमाणे झडपा व पंप घासतात.

व्यवहारात सर्वांत आधी क्लच दगा देतो. पाण्यामुळे फेस होऊन दाब टिकत नाही, तबकड्या घसरतात, तापतात व जळतात. नियंत्रक झडप गंजून अडकल्यास पुढची गती सुटत नाही किंवा मागची लागत नाही. भर समुद्रात त्यामुळे नौका वाऱ्यावर व प्रवाहावर वाहत जाते. धक्क्याला लागताना मात्र हाच दोष प्राणघातक ठरू शकतो, कारण प्रवाशांनी भरलेल्या तरीला थांबविण्याचे साधन मागची गती हेच असते.

परीक्षा : तेलाची परीक्षा नौकेवर, कार्यशाळेत व प्रयोगशाळेत अशा तीन पायऱ्यांनी करतात.

नौकेवर रोज एंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी व रंग पाहावा. पारदर्शक बाटलीत पेटीच्या तळातील थोडे तेल घेऊन काही तास स्थिर ठेवावे. मुक्त पाणी तळाशी दिसते. तेल एकसारखे धुरकट राहिल्यास पायस झाले आहे असे समजावे. मात्र फेसामुळेही तेल पांढरट दिसते. हवेचे बुडबुडे काही वेळात वर येऊन तेल स्वच्छ होते, पायसाचे तसे होत नाही.

कार्यशाळेत तडतड परीक्षा करतात. सु. १५० से. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाकतात. पाणी सु. ०·१% वा अधिक असल्यास तडतड ऐकू येते. थेंब उडत असल्याने डोळ्यांना चष्मा लावणे आवश्यक असते. या परीक्षेवरून पाणी आहे हे कळते, ते गोडे की खारे हे कळत नाही. त्यासाठी तेलाचा नमुना तितक्याच गरम ऊर्ध्वपातित पाण्याबरोबर बाटलीत जोरजोराने हलवून स्थिर ठेवतात, खालचे पाणी वेगळे काढून त्यात विरल नायट्रिक अम्लाचे थेंब व नंतर सिल्व्हर नायट्रेटाचा विद्राव टाकतात. दह्यासारखा पांढरा साका पडला व तो अमोनियात विरघळला, तर क्लोराइड आहे असे ठरते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी बऱ्याचदा मचूळ असते. ते या परीक्षेत वापरल्यास स्वच्छ तेलही दूषित ठरेल. म्हणून बॅटरीत घालण्याचे ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे व आधी त्या पाण्याचीच परीक्षा करून पाहावी.

प्रयोगशाळेत पाण्याचे प्रमाण डीन व स्टार्क यांच्या ऊर्ध्वपातन पद्धतीने (१९२०) किंवा कार्ल फिशर यांच्या अनुमापन पद्धतीने (१९३५) काढतात. अगदी अल्प प्रमाणासाठी दुसरी पद्धत अधिक अचूक आहे. वर्णपटीय विश्लेषणात सोडियम व मॅग्नेशियम ही दोन्ही वाढलेली आणि त्यांचे गुणोत्तर सु. ८ : १ असल्यास समुद्रजलाचा पुरावा मिळतो. केवळ सोडियम वाढल्यास ते एंजिनाच्या शीतक द्रवातील रसायनांचेही असू शकते. काही तेलांत मॅग्नेशियमयुक्त समावेशके मुळातच असतात, म्हणून नव्या तेलाच्या नमुन्याशी तुलना करणे अगत्याचे ठरते. मर्यादा उत्पादक ठरवितात. सामान्यतः ०·२% च्या पुढे पाणी गेल्यास तेल बदलण्याचा निर्णय घेतात. क्लोराइड निश्चितपणे आढळल्यास मात्र त्या मर्यादेची वाट पाहू नये.

उपाय : पहिला नियम असा की, पाणी कोठून आले हे शोधल्याशिवाय केवळ तेल बदलू नये. मार्ग बंद न करता भरलेले नवे तेल दोन-तीन दिवसांत पुन्हा पांढरे होते व खर्च वाया जातो. शीतक उतरवून त्याच्या पाण्याच्या बाजूस हवेचा ठराविक दाब देऊन तो पाण्यात बुडवितात. बुडबुडे आल्यास नळी फुटली आहे. थोड्याच नळ्या फुटल्या असतील तर त्यांची दोन्ही तोंडे बंद करून तात्पुरते काम चालविता येते.

दुसरा नियम वेळेचा आहे. तेल कोमट असतानाच, पायस हलते असताना, सर्व खळगे, शीतक, नळ्या व गाळणी यांसह पूर्णपणे काढावे. पेटीत नेहमी काही तेल मागे राहतेच. पेटीत १० लि. तेल असून त्यात १% समुद्रजल शिरले, तर सु. ३·५ ग्रॅ. मीठ आत आले. काढल्यावर १ लि. तेल मागे राहत असेल, तर मिठाचा दहावा भाग शिल्लक राहतो. त्याच प्रतीचे पातळ व स्वच्छ तेल भरून, भार न देता, दोन्ही गती आळीपाळीने लावीत थोडा वेळ फिरवून पुन्हा काढल्यास शंभरावा भाग व तिसऱ्यांदा तसेच केल्यास हजारावा भाग उरतो. म्हणजे एकदाच जास्त तेल भरण्यापेक्षा थोड्या तेलाने तीनदा धुणे अधिक परिणामकारक होय. प्रत्येक वेळी गाळणी बदलावी. अखेरच्या धुण्यातील तेलाची सिल्व्हर नायट्रेट परीक्षा करावी. नवे तेल भरल्यावर सु. २५ ते ५० तासांनी पुन्हा नमुना पाहावा. डीझेल किंवा केरोसिनाने धुण्याची पद्धत रूढ असली, तरी ते वंगण धुऊन नेतात व उरलेला अंश नवे तेल पातळ करतो. म्हणून पंप व धारवे फिरविताना ती टाळावी.

नौका बुडून किंवा एंजिनखोली भरून गिअरबॉक्स पूर्णपणे खाऱ्या पाण्याखाली गेल्यास उपाय वरवर पाहता उलट वाटतो : प्रथम भरपूर गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे. खारट पाण्याने भिजलेले पोलाद हवेत उघडे राहिल्यास काही तासांतच गंजू लागते. पेटी लगेच उघडता येत नसेल तर ती गोड्या पाण्यात बुडवून किंवा तेलाने काठोकाठ भरून ठेवावी. धुतल्यावर पाणी हटविणारे तेल फवारून, पेटी उघडून धारवे, क्लचच्या तबकड्या व झडपा तपासाव्यात. कागदी अस्तराच्या तबकड्या व खळगे पडलेले धारवे बदलावेतच.

मोठ्या जहाजांवर तेल केंद्रोत्सारकातून गाळतात. तेथे समावेशकविरहित खनिज तेलात थोडे गरम गोडे पाणी मिसळून, ते मीठ विरघळवून घेते तेव्हा केंद्रोत्सारकाने वेगळे करतात. मात्र मलनिवारक समावेशके असलेल्या तेलास ही पद्धत वापरू नये. ती समावेशके पाण्याबरोबर निघून जातात व पायस वाढते. निर्वात पात्रात तेल तापवून पाणी काढण्याची यंत्रे मीठ काढू शकत नाहीत. अल्प तेल असलेल्या मच्छीमार नौकांना शुद्धीकरणापेक्षा तेल बदलणेच स्वस्त पडते.

समुद्रात असतानाच दूषण लक्षात आल्यास तांडेलाने जाळ्याचे काम थांबवून परत फिरावे. एंजिन बंद करून तेल स्थिर झाल्यावर तळाच्या बुचातून शक्य तेवढे पाणी काढावे व जवळचे तेल भरावे. शीतकाचा पाणीमार्ग बाजूस वळविता येत असेल तर तसे करून, तेलाच्या तापमानावर लक्ष ठेवीत, मंद गतीने व कमीतकमी गतिबदल करीत बंदर गाठावे. दुसऱ्या नौकेने ओढून आणण्याची वेळ आल्यास पंख्याचा दंड बांधून स्थिर करावा. कारण एंजिन बंद असताना वंगणाचा पंप चालत नाही आणि पाण्याच्या ओढीने फिरणारा पंखा गिअरबॉक्सला कोरडाच फिरवितो. चांगली उरलेली पेटीही अशा ओढण्यात निकामी होते.

प्रतिबंध : नौका उभी करताच समुद्राकडची झडप बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, ती पुन्हा उघडल्याशिवाय एंजिन सुरू होऊ नये म्हणून चालू करण्याच्या किल्लीजवळच खुणेची पाटी लावतात. तळाचे पाणी सीलच्या बरेच खाली ठेवावे. जस्ताचे तुकडे निम्मे झिजले की बदलावेत. ओल्या हवेसाठी श्वसनछिद्रावर आर्द्रताशोषक भुकटीची नळी बसविता येते.

दंडाची सरळता नौका पाण्यावर तरंगत असतानाच तपासावी. चिखलावर किंवा किनाऱ्यावर टेकलेल्या नौकेचा सांगाडा निराळ्या तऱ्हेने वाकतो व जमिनीवर साधलेली सरळता पाण्यात टिकत नाही. दोन जोडतबकड्यांच्या तोंडांमधील अंतरातील फरक १०० मिमी. व्यासामागे सु. ०·१ मिमी. पेक्षा अधिक असू नये. याहून वाकडा असलेला दंड सीलचा ओठ झिजवितो व पाण्याला वाट करून देतो.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा मासेमारी बंदीचा काळ असतो. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. हाच गिअरबॉक्सच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा काळ होय, कारण चालू असताना तेल सर्वत्र फिरून धातू झाकीत असते. दोन महिने उभ्या पेटीत मात्र खारट पाणी एकाच जागी काम करीत राहते. हंगामाच्या अखेरीचे तेल तसेच ठेवून नारळी पौर्णिमेच्या तोंडावर बदलण्याची प्रथा म्हणून चुकीची आहे. तेल बंदीच्या आरंभी बदलावे, नवे तेल सर्वत्र पोहोचेल इतका वेळ पेटी फिरवावी, श्वसनछिद्र झाकावे आणि दर पंधरवड्यास दंड हाताने काही फेरे फिरवावा, म्हणजे रोलर एकाच जागी टेकून राहत नाहीत. शीतकाची दाबपरीक्षा याच काळात करून घ्यावी. वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवली या औद्योगिक भागांत लहान अभियांत्रिकी कार्यशाळा पुष्कळ असल्याने दंडावरील खाच भरून घेणे व नळ्या बसविणे यांसारखी कामे जवळच होऊ शकतात.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट : धुण्याचे दूषित तेल खाडीत ओतल्यास ते तिवरांच्या श्वसनमुळांवर व चिखलातील जीवांवर पसरते, माशांची पिले याच चिखलात व तिवरांत वाढतात. भारतात वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे लागते. बंदरावर मच्छीमार संस्थेने एक झाकणाचे पिंप ठेवून ते एकत्र जमा करणे सोयीचे असते. पर्यावरणास कमी अपायकारक अशी एस्टरयुक्त तेले परदेशी नौकांत वापरात आली आहेत. परंतु पाण्यामुळे एस्टरांचे अपघटन होत असल्याने त्यांच्या बाबतीत पाणी दूर ठेवण्याची दक्षता अधिकच घ्यावी लागते.

एकंदरीत, या दूषणाची लक्षणे लवकर दिसतात व त्यावरील उपायही अवघड नाहीत. त्यांची वेळ मात्र चुकू नये. रोज सकाळी काही मिनिटे डिपस्टिक पाहणे व पातळी–रंग यांची वहीत नोंद ठेवणे हे काम खलाशांपैकी एकाकडे नेमून दिल्यास शीतक फुटल्याचे बहुतेक प्रसंग क्लच जळण्यापूर्वीच लक्षात येतात. तेल बदलण्याचा खर्च व गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च यांतील तफावत पाहता, कर्ज काढून नौका बांधणाऱ्या मच्छीमाराच्या दृष्टीने ही नोंदवही विम्याइतकीच मोलाची ठरते.